जिनच्या भिंतीलगतची शाळा

मी शिकले ती दुसऱ्याच्या पैशावर. ज्यांच्या पैशावर शिकले त्यांना जळगावात सगळे आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणत आले. त्यांचे वडील सावद्याकडचे केळीचे बागाईतदार. केळीत झालेला पैसा आबांनी जळगावात आणून कापसात घातला. माझ्या लहानपणी त्यांचा जिन गावातल्या मोठ्या जिनांपैकी एक होता. पहूर, जामनेर, एरंडोल अशा चारी बाजूंनी कापसाच्या गाड्या येत, आत यंत्रांवर सरकी आणि रुई वेगळी होई आणि रुईच्या गाठी आगगाडीने मुंबईला जात. एवढं असून आबांच्या कोटाच्या कोपराला ठिगळ असे. दुपारी ते कचेरीतच बसून भाकरी आणि ठेचा खात. त्यांना कंजूष कोणी म्हणत नसे, कारण देवळाला, धर्मशाळेला, शाळांना त्यांचा हात सढळ होता. स्वतःवर मात्र खर्च करायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

माझे वडील पहूरचे. आमची जमीन बेताची, पण काळी आणि चांगली होती. दरवर्षी संक्रांतीच्या आधी वडील कापसाची गाडी घेऊन जळगावला जात. मी नऊ वर्षांची असताना माझा डावा डोळा सुजून बंद झाला होता, म्हणून डॉक्टरला दाखवायला मलाही त्यांनी गाडीत घेतलं. आधी डॉक्टर झाला. डोळ्यावर पट्टी बांधून मी जिनच्या आवारात कापसावर बसून होते. गाड्यांची रांग मोठी होती आणि करायला काही नव्हतं. समोरच्या भिंतीवर डांबराने मोठी अक्षरं लिहिलेली होती. ती मी मोठ्याने वाचली. ‘आत विडी ओढू नये. आगकाडी बाळगू नये. ऐकणार नाही त्याची गाडी घेतली जाणार नाही.’

मागे कोणीतरी उभं होतं. वडिलांनी घाईघाईने पागोटं सारखं केलं, त्यावरून हे मालक असणार हे मला कळलं.

“एका डोळ्याने वाचते ही?” आबा म्हणाले. “कोणी शिकवलं?”

“पोरांच्या शाळेत जाऊन बसते जी,” वडील म्हणाले. “मास्तर काही म्हनत नाहीत.”

“धुळ्याला पाठवता का? देवपुरात मुलींची शाळा आहे, राहायची सोय आहे. खर्च सगळा माझा.”

वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. घरी विचारतो, एवढंच म्हणाले. घरी आईने एकच प्रश्न धरून ठेवला.

“त्याले काय पायजे?”

“काही नही पायजे. धर्म करते तो मानूस.”

“कोनी फुकट देते का?”

आईचा संशय गेला नाही. पण माझ्या दोन मोठ्या बहिणींची लग्नं होऊन गेली होती. एक पोर काही वर्षं बाहेर राहिली तर घराचं अडत नव्हतं. उन्हाळा सरल्यावर वडिलांनी मला धुळ्याला नेऊन सोडलं. आई गाडीपर्यंत आली नाही. ती रागावली होती असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं की ती घाबरली होती.

देवपूर म्हणजे धुळ्यातला पांझरा नदीच्या पलीकडचा भाग. शाळेच्या मागच्या खोल्यांत आम्ही बारा-तेरा मुली राहत होतो, त्यांतल्या पाचजणी आबांच्या खर्चाने. आम्हाला ओळखणं सोपं होतं. आबा वर्षातून एकदा कापडाचं ठाण पाठवत आणि त्यातून पाचजणींचे परकर शिवले जात, एकाच हिरव्या रंगाचे. नदीवर गेलो की बायका म्हणायच्या, “आबांच्या मुली आल्या.” वकिलाची एक मुलगी आमच्याच खोलीत राहत असे. तिचे वडील फी भरत, म्हणून तिला कोणाची मुलगी म्हणत नसत, तिच्या नावाने हाक मारत. मला त्याचं दुःख झालं असं नाही. फक्त ते माझ्या लक्षात आलं आणि राहिलं.

दर महिन्याला आबांना पत्र लिहायचं असे. आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाई पत्राची सुरुवात फळ्यावर लिहून देत. ती उतरवून पुढे अभ्यास, प्रकृती आणि आभार. एकदा थंडी फार पडली होती, तेव्हा मी लिहिलं की गोधडी पातळ आहे आणि पहाटे झोप येत नाही. बाईंनी पत्र वाचून फाडलं. त्या रागीट नव्हत्या, उलट प्रेमळ होत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, “देणाऱ्याकडे मागायचं नसतं ग. मागितलं की त्याला वाटतं, पुरत नाही म्हणून कुरकुर करते. आपलं चाललंय ते चालू दे.” दुसऱ्या पत्रात मी पांझरेच्या पाण्याबद्दल लिहिलं. पुढे कळलं की आबा ती पत्रं कचेरीत आलेल्या पाहुण्यांना वाचून दाखवत. त्यांना त्यात खरोखर आनंद होई. पाहुणेही जाताना एखाद्या मुलीचा खर्च उचलायला तयार होत. म्हणजे आमच्या पत्रांचा उपयोग होत होता.

मी फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झाले. वडिलांनी स्थळ पाहायला सुरुवात केली. आबांनी त्यांना बोलावून सांगितलं, “एवढी शिकवली ती चुलीपुढे बसायला नाही. चार वर्षं माझ्याकडे काम करू दे.” वडिलांनी स्थळं पाहणं थांबवलं. माझ्या लग्नाचं ठरवायचा हक्कही आपल्याकडून निसटला आहे, हे त्यांना त्या वेळी कळलं असावं. पुढे माझं लग्न झालंच नाही. त्याचा दोष मी आबांना देत नाही. मला काम आवडत होतं.

काम म्हणजे आबांनी काढलेली नवी शाळा. जिनच्या भिंतीला लागून पत्र्याच्या तीन खोल्या, दारावर आबांच्या आईच्या नावाची दगडी पाटी. जिनात शंभरावर बाया कामाला होत्या. यंत्राला कापूस भरवायचा, कचरा वेचायचा, रुई उचलायची, अशी त्यांची कामं. दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत हंगाम चाले. या बायांच्या मुलींसाठी ती शाळा होती. फी नाही, पाटी-पेन्सिल फुकट, दुपारी मूठभर गूळ-शेंगदाणे. तरी पहिल्या महिन्यात आठच मुली आल्या. बाकीच्या मुली कुठे आहेत हे पाहायला मी वस्तीत गेले तेव्हा दिसलं, त्या धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन दारात बसल्या होत्या.

मी आबांना सांगितलं की तिसऱ्या खोलीत पाळणे बांधा आणि पोरं सांभाळायला एक म्हातारी बाई ठेवा. आबांनी दुसऱ्या दिवशी सुतार पाठवला. पंधरा दिवसांत मुली तिसावर गेल्या. हे मुद्दाम लिहिते. आबांविषयी पुढे जे लिहायचं आहे ते वाचताना कोणाला ते दुष्ट वाटू नयेत. ते दुष्ट नव्हते. सांगितलेली गोष्ट त्यांना पटली की ते लगेच करत. फक्त सांगणाऱ्याने ती त्यांच्या कचेरीत उभं राहून सांगावी लागे.

दुपारच्या सुट्टीत बाया पोरांना पाजायला येत. त्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुईचे बारीक तंतू बसलेले असत. बसल्या बसल्या त्या खोकत. पोर पदराखाली घेऊन त्या खिडकीतून वर्गाकडे बघत राहत. त्यांच्यात एक उंच, काळीसावळी बाई होती, धुळ्याकडून आलेली. तिची बोली पक्की अहिराणी. तिची मुलगी माझ्या वर्गात सगळ्यांत हुशार होती. मी फळ्यावर आकडे लिहीत असले की ही बाई बाहेरून बोटांवर काहीतरी मोजताना दिसे. ती मुलीबरोबर शिकते आहे, असा मला संशय होता. विचारलं तर हसली आणि निघून गेली.

शाळेच्या तिसऱ्या हंगामात कापसाचे भाव पडले. सगळीकडेच पडले होते. पहूरला वडिलांनी तर कापूस घरातच भरून ठेवला होता. जिनवाल्यांनी आपसात ठरवून बायांचा रोज कमी केला. आबांनीही केला. तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि बाया आत गेल्या नाहीत. फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत त्या बसून राहिल्या. त्यांना कोणी पुढारी नव्हता. त्या घोषणा देत नव्हत्या, निवडायला आणलेली भाजी निवडत होत्या. मुली मात्र शाळेत आल्या होत्या. त्या दिवशी वर्ग नेहमीपेक्षा भरलेला होता, कारण आया बाहेर बसलेल्या असल्याने पोरं सांभाळायची नव्हती.

चौथ्या दिवशी आबांनी मला बोलावलं. कचेरीत ते एकटेच होते.

“तू त्यांच्याशी बोल,” ते म्हणाले. “मुकादमाचं त्या ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.”

“काय बोलू, आबा?”

“खरं ते सांग. ही शाळा जिनवर चालते. जिन असा बंद राहिला तर शाळा कुठून चालवू? त्यांच्याच मुलींचं नुकसान आहे, एवढं त्यांना समजावून सांग.”

मी “बरं” म्हटलं. नऊ वर्षांची असल्यापासून मी त्यांना बरं म्हणत होते, तोंडाला तेच येत होतं. कचेरीपासून फाटकापर्यंतचं अंतर फार नव्हतं. त्या अंतरात मी वाक्यं जुळवत गेले आणि मला ती वाईटही वाटली नाहीत. आबांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

उंच बाई कडेला बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले तशा बाकीच्या बाया जवळ सरकल्या.

“बाई, तुले आबानी धाडं का?” तिने विचारलं.

“हो.”

“मंग सांग, काय सांगनं शे ते.”

मी सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. माझा मान त्या ठेवत होत्या.  मी थांबल्यावर उंच बाईने विचारलं, “शाळाना पैसा जिनमधून येस?”

“हो.”

“आनि जिनमां काम कोन करस?”

उत्तराची वाट न पाहता ती पुढे बोलू लागली. 

“आबानी शाळा दिन्ही, ते काय खोटं नही,” ती म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. “पन एक हाते काढतस, आनि दुसरा हाते देतस. मंग आम्ही त्यासना पाया पडतस. आबाले सांग, पुरा रोज आमना हातमां द्या. फी आम्ही भरसूत.”

मागची एक म्हातारी म्हणाली, “आनि गूळ नको. शेंगा आमन्या घर शेतीस.” त्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

मी परत कचेरीत गेले आणि जे ऐकलं ते तसंच्या तसं सांगितलं. शब्द मऊ करता आले असते. ते माझ्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं आणि मी केलं नाही. आता नक्की आठवत नाही.

आबा आधी हसले. “फी भरणार! या बाया!” मग एकदम थांबले. त्यांना लागलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी खिडकीतून शाळेच्या पत्र्याकडे पाहिलं. मग ज्या प्रश्नाची मला सवय नव्हती तो प्रश्न विचारला.

“तुला काय वाटतं?”

“त्या म्हणतात ते बरोबर आहे, आबा.”

“म्हणजे तुला धुळ्याला ठेवली, शिकवली, तेही यांच्याच रोजातून, असं तुझं म्हणणं?”

“तसंच दिसतं.”

“मले शिकवते का तू?” आबा म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी घरच्या बोलीत कधी बोलले नव्हते. लगेच त्यांनी स्वतःला सावरलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “जा तू.”

मी गेले. दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप होतं. मुली ओट्यावर पाट्या घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना तिथेच एक कविता म्हणायला लावली आणि घरी पाठवून दिलं. मी रडले वगैरे नाही. आता राहायचं कुठे, हा विचार जास्त होता, कारण माझी खोलीही आबांच्याच चाळीत होती.

आठवड्याच्या आत जिन सुरू झाला. कापलेल्या रोजातला निम्मा आबांनी परत दिला. इतर जिनवाले त्यामुळे त्यांच्यावर चिडले, असं ऐकलं. बाया कामावर गेल्या. उंच बाईला मुकादमाने फाटकातून आत घेतलं नाही. हे आबांनी सांगितलं होतं की मुकादमाने आपल्या मनाने केलं, हे मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

खोली सोडायला मला कोणी सांगितलं नाही. जिन सुरू झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी तीन बाया माझ्याकडे आल्या. त्या फी आणायला तयार होत्या, मी शिकवावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वस्तीतल्या एका ओसरीवर मी वर्ग सुरू केला. फी म्हणून कोणी पैसा आणी, कोणी ओंजळभर ज्वारी, कोणी जळणाला तुऱ्हाट्या. अकरा मुली होत्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला वर्ग होता, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तो तसा नव्हता. ओसरी लहान होती, फळा नव्हता, पाळणे नव्हते. पाळणे नव्हते म्हणून मुली पुन्हा पोरांना कडेवर घेऊन येऊ लागल्या. मग चार मुली यायच्या थांबल्या. होळीनंतर जिनचा हंगाम संपला, बाया आपापल्या गावी गेल्या आणि मुलीही त्यांच्याबरोबर गेल्या. वर्ग आपोआप बंद पडला. फी भरायचं त्या मनापासून बोलल्या होत्या आणि जमेल तितकी त्यांनी भरली. ती पुरली नाही.

पुढच्या दिवाळीला आबांनी शाळा पुन्हा उघडली आणि दुसरी शिक्षिका नेमली. उंच बाई तेव्हा जळगावातच होती, घरोघरी धुणीभांडी करत होती. तिच्या मुलीचं नाव पटावरून काढू नका, असं आबांनी नव्या शिक्षिकेला स्वतः सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. मी त्या बाईकडे गेले. मुलगी शाळेत गेली होती.

“पाठवलीस?” मी विचारलं.

“राग मना आबावर शे, शाळावर नही,” ती हातातलं भांडं घासत म्हणाली. “पोरले कसाले घर बसाडू?”

मी तिथे बराच वेळ बसले. तिने चहा केला. आबांचं नाव पुन्हा निघालं नाही.

मला लोकल बोर्डाच्या शाळेत सावद्याला जागा मिळाली. केळीच्या बागांमधलं ते गाव मला आवडलं आणि तिथेच माझी सगळी नोकरी गेली. बोर्डाच्या शाळेत पाळणे नव्हते आणि गूळही नव्हता. पावसाळ्यात एक खोली गळायची आणि दुरुस्तीचा अर्ज धूळ खात पडायचा. जळगावला असते तर कचेरीत जाऊन सांगितलं की दुसऱ्या दिवशी सुतार आला असता, हे माझ्या मनात अनेकदा आलं. पण इथे आम्हाला कोणाला पत्र लिहायचं नव्हतं आणि कोणाच्या मुली म्हणून ओळखलं जायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली कोणती जड, हे मला ठरवता आलेलं नाही.

उंच बाईची मुलगी फायनल पास झाली आणि धुळ्याच्या दवाखान्यात नर्स झाली. तिचं पहिलं पत्र आलं त्यात आभार एका ओळीत होते आणि बाकी सगळी तक्रार होती. तिथलं जेवण वाईट आहे, मोठ्या बाई विनाकारण ओरडतात, रात्रपाळी फार लागते. ते पत्र मला फार आवडलं. तिला कोणी सुरुवात फळ्यावर लिहून दिलेली नव्हती.

आबांना मी शेवटचं पाहिलं ते स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी. सावद्याच्या हायस्कुलाला त्यांनी हॉल बांधून दिला होता आणि उद्घाटनाला ते आले होते. फार थकले होते, दोन माणसांनी धरून आणलं. गावातल्या सगळ्या शाळांना बोलावलं होतं, आणि आम्हा शिक्षकांची रांग होती. माझ्यापाशी ते थांबले.

“इथेच असतेस का?”

“हो, आबा.”

“किती मुली आहेत वर्गात?”

“बेचाळीस.”

“फी किती?”

“काही नाही. बोर्डाची शाळा आहे.”

“मग पैसा कोणाचा?”

“सगळ्यांचा. शेतसाऱ्यातून येतो, करांतून येतो.”

“म्हणजे माझाही असेल त्यात.” त्यांच्या चेहऱ्यावर जुनं मिस्कील हसू आलं.

“तुमचाही आहे.”

त्यांनी मान हलवली. त्यांना आणखी काही विचारायचं होतं असं वाटलं, पण मागून हायस्कुलाच्या चिटणिसांनी पुढे चलायची खूण केली. भाषणं लांबली. आबांनी हॉलबद्दल दोनच वाक्यं बोलून मुलांना अभ्यास करा म्हणून सांगितलं आणि खाली बसले. ऊन चढलं होतं आणि माझ्या वर्गातल्या मुली बाहेर मांडवात सकाळपासून उपाशी बसल्या होत्या. आमच्या हेडमास्तरांची परवानगी काढून मी त्यांना उठवलं आणि बागेच्या कडेच्या सावलीतून त्यांच्या-त्यांच्या घरी घेऊन गेले.